आईने भाजी आणली, स्कोअर उणे ३०

परवा ब्लडप्रेशरच्या एका माहितीपत्रकाचं मराठी करून दिलं तर पलीकडून निरोप, "मॅडम, रीडेबिलिटी स्कोअर ६० च्या वर हवा." म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा त्याचा आकडा. आता मराठीचा स्कोअर काढायचा कशाने हे त्यांनाही माहीत नव्हतं, इंग्रजीला लावतात तेच फ्लेशचं सूत्र लावा म्हणाले, मग मीही हट्टाला पेटले आणि कागद-पेन घेऊन बसले.

हे रुडॉल्फ फ्लेश मूळचे व्हिएन्नाचे, १९३८ ला अमेरिकेत गेले, १९४८ ला हे सूत्र मांडलं. २०६.८३५ घ्यायचे, एका वाक्यात सरासरी किती शब्द ते काढून त्याला १.०१५ ने गुणायचं आणि वजा करायचं, मग एका शब्दात सरासरी किती सिलॅबल, म्हणजे एका झटक्यात बोलले जाणारे तुकडे, ते काढून ८४.६ ने गुणायचं आणि तेही वजा. उत्तर शंभरच्या आसपास आलं तर पोरंसोरंही वाचतील, ६० ते ७० म्हणजे साधंसरळ, ३० च्या खाली म्हणजे डोक्याला ताप. अर्थाशी काही देणंघेणं नाही, नुसती लांबी मोजायची.

मी बालवाडीतलं वाक्य घेतलं. "आईने बाजारातून भाजी आणली." आ-ई-ने, बा-जा-रा-तून, भा-जी, आण-ली, चार शब्दांत अकरा सिलॅबल. उत्तर आलं उणे ३०! मला वाटलं गुणाकार चुकला, परत केला, परत उणे ३०. मग मुद्दाम सरकारी खाक्याचं एक घेतलं, "सबब अर्ज रद्द." स-बब दोन, बाकी दोघं एकेक. स्कोअर ९१, म्हणजे पाचवीतल्या पोराला कळेल असं. त्या पोराला विचारा सबब म्हणजे काय, शाळेला दांडी मारायला सांगतो ते म्हणेल, आणि त्याचं बरोबरच आहे की! इथे मात्र ते 'म्हणून' या अर्थाने.

गोम अशी की इंग्रजीत 'बाजारातून' म्हणायला तीन सुटे शब्द लागतात, आपण 'तून' शेपटीला चिकटवून मोकळे होतो. ते २०६ आणि ८४ बेतले इंग्रजी उताऱ्यांवरून, आपला शब्द त्या मापात बसणारच कसा. आणि हे कॉम्प्युटरला करायला लावलं तर अजून मजा, 'करवत' मध्ये अक्षरं चार पण बोलताना कर-वत दोनच, ते त्याला कोण सांगणार. शिवाय 'डॉ.' आणि 'रु.' मधल्या टिंबाला वाक्य संपलं समजला की मजकूर आपोआप सोपा!

बाबांना हे सांगत होते तर ते सातबारा घेऊन बसलेले. बाबा जुनी सातवी, मी एमए. त्यात 'पोटखराब' दिसलं आणि मला हसू आलं. "अगं, हसतेस काय, लागवडीला येत नाही तो तुकडा, नाला, खडक, वाट." आणि पुढच्या रकान्यात 'आकार' म्हणजे जमीन चौकोनी की लांबुळकी हे नाही, आकारणी, रुपये-पैशात! एवढे साधे शब्द आणि मी फेल.

मग आठवलं, १९५३ मध्ये विल्सन टेलर नावाच्या माणसाने सूत्रबित्र सोडून वेगळंच केलं होतं, मजकुरातला दर पाचवा शब्द गाळायचा आणि वाचणाऱ्याला भरायला सांगायचा, जितके जमले तितका मजकूर त्याच्या आवाक्यातला. क्लोझ टेस्ट म्हणतात. मला हे जास्त पटतं कारण यात निदान समोर माणूस बसवावा लागतो. पत्रकाची प्रिंट काढली, शब्दांवर व्हाइटनर मारला, बाबांपुढे ठेवली. पहिल्या चार गाळलेल्या जागा त्यांनी पटापट भरल्या, चष्मा वर करून म्हणाले, सोपंय की. मग आलं "आहारातील ____ प्रमाण मर्यादित ठेवा." त्यांनी लिहिलं, 'मिठाचे'.

माझ्या मूळ कॉपीत होतं 'सोडियमचे'.

त्या वाक्याचं "जेवणात मीठ कमी घ्या" केलं आणि अजून तीन ठिकाणी बाबांचेच शब्द उचलले. स्कोअर काढून बघितला तर अजूनही उणेच. तसंच पाठवून दिलंय, खाली लिहिलंय की हे सूत्र मराठीला चालत नाही, फोन करा, समजावून सांगते. अजून फोन आलेला नाही.