सहावी जागा

दुपारी लाइट गेली. मे महिन्यात सांगलीत दुपारी लाइट गेली की घरातली सगळी माणसं एकेक करून फरशीवर येऊन पडतात. भाचा विश्रामबागेतून आठ दिवसांसाठी आमच्याकडे गावभागात आलेला. त्याच्या मोबाइलची बॅटरी सात टक्क्यांवर, त्यामुळे स्वारी नाइलाजाने वहीकडे वळली होती. मला वाटलं, अभ्यास. वाकून पाहिलं तर शंभर पानी वहीचं शेवटचं पान. त्यावर सहा चौकोन, चौकोनांतून निघालेले बाण, आणि कोपऱ्यात १०२ हा आकडा, त्याला दोनदा गोल केलेला.

"१०२ काय रे?"

"गारचॉम्पचा स्पीड. शंभरवाले भरपूर आहेत, मामा. हा दोनने पुढं. म्हणून आधी मारतो."

तर ही पोकेमॉनची, म्हणजे व्हिडिओ गेममधल्या लढाऊ प्राण्यांची, टीम होती. पोरगं शोडाउन नावाच्या साइटवर फुकटात लढाया खेळतं, आणि लढाईपेक्षा जास्त वेळ टीम बांधण्यात घालवतं. सहा जण घ्यायचे, प्रत्येकाला चारच डाव. शिवाय प्रत्येकाला वाटायला ५१० पॉइंट. एका गुणावर २५२ च्या वर टाकता येत नाहीत, आणि चार टाकले की एक वाढतो. म्हणून हा २५२ वेगाला, २५२ ताकदीला, चार उरलेल्या कशाला तरी देतो आणि शेवटचे दोन वाया जातात म्हणून हळहळतो. त्याचे आजोबा मार्केट यार्डात हळदीच्या हिशेबाला बसायचे. त्यांचीही नजर हीच.

जोडी कुणाची कुणाशी, हे मात्र मला लगेच कळलं. लहानपणी माझे आजोबा कुंडलच्या कुस्तीच्या मैदानाला न्यायचे. हलगी घुमायच्या आधीची खरी कुस्ती पंचांची असायची: कुणाची जोड कुणाशी लावायची. इथंही तेच. पाणी आगीला विझवतं, आग झाडाला जाळते, झाड पाणी पिऊन टाकतं. असे अठरा प्रकार, आणि एकेका प्राण्याला कधी दोन-दोन. गारचॉम्प ड्रॅगनही आणि जमिनीचाही. बर्फ दोन्हींवर भारी, म्हणून बर्फाचा मार त्याला चौपट बसतो. विजेचा मात्र अजिबात बसत नाही. का, तर जमीन.

"अर्थिंग," मी म्हणालो.

"तसंच काहीतरी," तो म्हणाला. पंखा बंदच होता.

पाच चौकोन भरलेले होते. एक मार खात उभा राहणारा, एक आल्या आल्या समोरच्याच्या अंगणात टोकदार दगड पेरून ठेवणारा (आगीचा, उडणारा चारिझार्ड बिचारा त्या दगडांवर नुसता उतरला तरी अर्धा खलास), बाकीचे मारणारे. सहावा चौकोन रिकामा. मी म्हटलं, मॅजिकार्प घाल.

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर मी एकदाच पाहिली आहे. मी भडंगात साखर घातली होती तेव्हा, आईची.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मॅजिकार्प हा एक लाल मासा आहे. त्याची ताकद १०. त्याचा मुख्य डाव म्हणजे उड्या मारणे, आणि त्या डावाने काहीही होत नाही. खेळच तसं लिहून दाखवतो, की काही झालं नाही. १९९६ साली जपानात आलेल्या पहिल्या खेळात एक माणूस हा मासा ५०० रुपड्यांना तुमच्या गळ्यात मारतो. मी कॉलेजात असताना मित्राच्या कॉम्प्युटरवर, सीडीतून आलेल्या इम्युलेटरवर (दुसऱ्या यंत्राचे खेळ कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम), तो घेतला होता. विसाव्या लेव्हलला त्याचा गॅरॅडोस होतो, चांगला अक्राळविक्राळ. सगळे त्यासाठीच तो पाळतात. मी नाही. स्क्रीन चमकायला लागली की मी बी बटण दाबून ते थांबवायचो. पुढची लेव्हल आली की पुन्हा चमकायचं, पुन्हा बी. मित्र वैतागून उठून जायचा. कारण विचाराल तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

आमच्याही वह्यांच्या शेवटच्या पानावर टीम असायची, फक्त अकराची. गल्लीत अकरा पोरं कधीच जमली नाहीत, पण यादी अकराची. आणि यादीत सर्वांत खाली, कंसात, कच्चा लिंबू. आमचा कच्चा लिंबू पहिलीतला होता. गटारात गेलेला बॉल काढणं एवढंच त्याचं क्रिकेट. पण बॅटिंग द्यावी लागायची, आणि तो आऊट नसायचा. दांडी उडाली, तिन्ही विटा पडल्या, तरी तो शांतपणे विटा पुन्हा रचायचा, पाय ठेवून गार्ड घ्यायचा आणि बोलरकडे बघायचा, टाक म्हणून. आम्ही चिडायचो, बाजूच्या गल्लीशी मॅच असली की त्याला न सांगता पळायचो. यादीतून मात्र नाव कुणी खोडलं नाही.

पोकेमॉन ज्याच्या डोक्यातून निघालं तो सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचा. हे वाचलं तेव्हा मला जपान एकदम जवळ आलं. पहिल्या पावसानंतर आम्ही बाभळीवरून सोनपाखरं पकडायचो आणि काडेपेटीत बाभळीचा पाला घालून ठेवायचो. कानाशी पेटी धरली की आतून खरखर ऐकू यायची. त्या पाखराचा उपयोग शून्य. ते चावत नाही, भांडत नाही, हिरवं चमकतं आणि बसतं. तरी दप्तरात एका पेटीची जागा ठरलेली. कंपास मावला नाही तरी चालायचं.

जागा मोजून घ्यायची वेळ आमच्या घरावर एकदा खरोखर आली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये. "आयर्विनला किती फूट?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी किती चढलं, याशिवाय गावात दुसरं बोलणं नव्हतं. धोक्याची पातळी ४५ फूट. ती मागं पडली, पन्नास झाले, आणि पाणी थांबेना. पुढं ते ५७ च्या वर गेलं. आम्ही निघालो तेव्हा दारात घोट्याएवढं होतं. ताईने फोनवरून यादी सांगितली, मी कालनिर्णयाच्या मागे लिहिली: कागदपत्रं, बाबांची औषधं, दागिने, चार्जर, कपडे, टॉर्च. सहाच, कारण हात तेवढेच होते. आई स्वयंपाकघरातून आली ती लोणच्याची बरणी छातीशी धरून. मोठी, चिनी मातीची, तोंडाला फडकं बांधलेली. मी म्हटलं, आई, अगं कपड्यांची बॅग कोण घेणार? ती म्हणाली, "तू घे. नाहीतर राहू दे."

राहिली. बाबा पुढचे पाच दिवस जावयाचा झब्बा घालून वावरत होते. आणि लोणचं त्या वर्षी इतकं खारट झालं होतं की ताईकडे कुणी त्याला बोट लावलं नाही. पाणी ओसरल्यावर आई ती तशीच, भरलेली, परत घेऊन आली.

भाच्याला यातलं काही सांगितलं नाही. तो तेव्हा खूप लहान होता, आणि त्याच्या दृष्टीने सहाव्या चौकोनाचा प्रश्न तातडीचा होता. "मामा," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "तुला मासाच पाहिजे असेल तर तू तुझी टीम वेगळी काढ ना." आणि वहीचं शेजारचं पान त्याने मला फाडून दिलं.

साडेचारला लाइट आली. तो चार्जरकडे पळाला. माझ्या पानावर पाच चौकोन रिकामे आहेत, एक भरलाय.