पिचरचा हात आणि शाळेतला प्रशिक्षक

शाळेचा बेसबॉल प्रशिक्षक किती चांगला आहे हे पाहायचे असेल, तर तो पिचरच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूच्या, हातातून चेंडू केव्हा काढून घेतो ते पाहावे, असे माझे मत आता पक्के झाले आहे. नाशिकमध्ये हा खेळ खेळणारी मुले बहुतेक क्रिकेट किंवा सॉफ्टबॉलमधून आलेली असतात. अनेक शाळांत क्रीडाशिक्षक एकच असतो आणि त्याच्याच गळ्यात कबड्डी, खो-खो, संचलन, शिवाय निवडणुकीची कामेही असतात. अशा शिक्षकाकडून अमेरिकी पद्धतीच्या सोयींची अपेक्षा कोणी करणार नाही. पण मुलाने किती चेंडू टाकले हे मोजण्यासाठी वही आणि पेन्सिल पुरते.

माझा मुलगा ज्यांच्याकडे शिकतो, ते सर प्रत्येक पिचला, म्हणजे पिचरने टाकलेल्या प्रत्येक चेंडूला, वहीत एक उभी रेघ मारतात आणि पाचवी रेघ आडवी ओढतात. सरावातले चेंडूही ते मोजतात. ‘हात दुखतो का?’ असे ते सहसा विचारत नाहीत, कारण संघातून बाहेर बसायची भीती असलेला मुलगा ‘नाही सर’ हेच उत्तर देणार, हे त्यांना ठाऊक आहे. त्याऐवजी त्यांचे लक्ष कोपरावर असते. कोपर खांद्याच्या रेषेखाली येऊ लागले, चेंडू वारंवार वर जाऊ लागला, दोन पिचमधला वेळ उगाच लांबू लागला, की ते पंचांकडे वेळ मागून मैदानात जातात आणि काही न बोलता हात पुढे करतात.

यामागे शरीराचे साधे कारण आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कोपराच्या आतल्या बाजूला हाड अजून वाढत असते. तिथली मऊ वाढपट्टी स्नायुबंधापेक्षा कमकुवत असल्याने वारंवारच्या ताणाने आधी तीच दुखावते. अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार 15-16 वर्षांच्या मुलाने एका दिवसात जास्तीत जास्त 95 चेंडू टाकावेत, आणि 76 किंवा अधिक टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी. 31 ते 45 चेंडू टाकले तरी एक दिवस हात मोकळा ठेवावा. तिथल्या शालेय बेसबॉलमध्ये 2017 च्या हंगामापासून प्रत्येक राज्य संघटनेला पिचच्या संख्येवर मर्यादा घालणे बंधनकारक झाले. आपल्याकडच्या शालेय स्पर्धा मात्र बहुधा एक-दोन दिवसांत उरकतात, आणि संघात जोराने फेकणारा मुलगा एकच असेल तर सकाळचा सामनाही त्याचा आणि दुपारचाही त्याचाच. त्यातच पिचिंग संपल्यावर त्याला कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून बसवणारे महाभागही मी पाहिले आहेत. कॅचरलासुद्धा प्रत्येक पिचनंतर चेंडू परत फेकावा लागतो, हे बहुधा त्यांच्या लक्षात येत नसावे.

‘2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी व्यावसायिक संघाने करारबद्ध केले, मग आमच्या मुलाला काय होते?’ असा युक्तिवाद पालकांच्या घोळक्यात हमखास ऐकू येतो. ते दोघे तेव्हा विशीच्या आसपासचे होते. नववीतल्या मुलाच्या हाडांची त्यांच्याशी बरोबरी होत नाही.

क्रिकेटच्या सवयी सोडवणे हे प्रशिक्षकाचे दुसरे काम, आणि ते पुष्कळच करमणुकीचे आहे. नवा मुलगा चेंडू टोलवून बॅटसकट पहिल्या बेसकडे धावत सुटतो. सुंदर लेट कट मारून टाळ्यांची वाट पाहतो आणि चेंडू मागे, खेळाच्या रेषांबाहेर गेला म्हणून पंच फाउल देतात. उजव्या हाताने फेकणारा मुलगा ग्लोव्हही उजव्याच हातात चढवतो आणि झेल घेतल्यावर गोंधळतो. इथे ओरडून काही साधत नाही. आमचे सर चेंडू मुलाच्या हातात देऊन बोटे शिवणीवर आडवी ठेवायला लावतात आणि आधी गुडघ्यावर बसून फेकायला सांगतात, म्हणजे पायांच्या जोराआड हाताची चूक लपत नाही. मुरुमाचा छोटा उंचवटाही त्यांनी करून घेतला, कारण पिचरचा माउंड 10 इंच उंच असतो आणि सपाट जमिनीवर शिकलेल्या मुलाचा तोल तिथे पहिल्या दिवशी हमखास जातो.

सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरचे कांस्यपदक मिळवले, तेव्हा तिचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांचे नाव नाशिककरांच्या तोंडी होते. एका पदकामागे सरावाची किती वर्षे असतात, हे या शहराला नव्याने सांगायला नको. तरीही दहावीचे क्रीडा गुण आणि नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण यांच्या हिशेबापायी आपण पालकच प्रशिक्षकाला घाई करतो. जिल्ह्याच्या सामन्यात सरांनी चांगला चालत असलेला पिचर काढून तिसऱ्याला आणले, तेव्हा जाळीमागून सर्वांत मोठा आवाज पालकांचाच होता. सरांनी वही बंद केली नाही, मागे वळूनही पाहिले नाही.

मुलाला बेसबॉल संघात घालण्याचा विचार असेल, तर प्रशिक्षकाला एवढेच विचारावे: तुमचा दुसरा पिचर कोण आणि तिसरा कोण? चांगला प्रशिक्षक नावे सांगेल, आणि त्यांतल्या कोणाला आज विश्रांती आहे हेही सांगेल.