हातगाडी म्हणजे तीन मोटारी

वाहतूक मोजणारी पोरं तुम्ही चौकात पाहिली असतील. डोक्याला टोपी, मांडीवर पॅड, पॅडच्या चिमट्यात अडकवलेला तक्ता आणि चेहऱ्यावर साऱ्या जगाचा कंटाळा. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, झाली एक जुडी. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. हल्ली बऱ्याच ठिकाणी खांबाला कॅमेरा लावून मोजणी ऑफिसात बसून करतात. पण पेठेतल्या चौकात केबलच्या तारा, फ्लेक्स आणि झाडांच्या फांद्यांतून कॅमेऱ्याला निम्मं काही दिसतच नाही, म्हणून तिथं अजून माणसं बसवावी लागतात. त्यांना जागेवर बसवायचं, चहा पोचवायचा, पेंगणाऱ्याला हलवायचं आणि शेवटी तक्ते गोळा करायचे, हे माझं काम.

हा चौक पुण्याच्या मध्यवस्तीतला. नाव कळून फरक पडत नाही, असे डझनभर आहेत. प्रस्ताव असा होता की दोन्ही बाजूंचे फुटपाथ मीटर-मीटर कापायचे, कोपऱ्यांची गोलाई वाढवायची आणि डावीकडे वळणाऱ्यांना फ्री लेफ्ट द्यायचा. त्याच्या अहवालासाठी आमच्या कंपनीकडे मोजणी आली होती. सकाळी सहा ते रात्री दहा, 16 तास.

मोजलेली वाहनं अहवालात तशीच जात नाहीत, त्यांचे आधी ‘पीसीयू’, म्हणजे पॅसेंजर कार युनिट, करतात. मोटार म्हणजे 1, आणि बाकी सगळे मोटारीच्या मापात. रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेस, तिचा शहरी रस्त्यांच्या क्षमतेचा 1990 चा कोड आहे, क्रमांक 106. त्यातला तक्ता या धंद्यातल्या माणसाला पाढ्यासारखा पाठ असतो. दुचाकी 0.5, रहदारीत तिचा वाटा दहा टक्क्यांच्या पुढं गेला की 0.75. रिक्षा 1.2 ते 2. सायकल 0.4 ते 0.5. बस 2.2 ते 3.7, मग आत साठ माणसं लोंबकळत असोत की एकटा कंडक्टर असो. टांगासुद्धा आहे, दीड ते दोन. आणि हातगाडी 2 ते 3, कारण ती हळू चालते आणि मागच्यांना अडवून धरते.

चालणाऱ्या माणसाला त्या तक्त्यात आकडा नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. तक्ता डांबराची क्षमता मोजतो, आणि माणूस फुटपाथवर चालतोय असं धरलेलं आहे. हे गृहीत पेठेत येऊन एकदा बघावं.

आमच्यात डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती, पहिल्यांदाच मोजणीला आलेली. नऊच्या सुमारास तिनं मला हाक मारली.

“सर, हातगाडीची एकच रेघ मारायची ना?”

“एकच. पुढची पट आपण ऑफिसात लावतो. इथं ती तीन मोटारी धरली जाईल.”

“बरं. पण केळीवाल्या काकांनी गाडी टेकवली आणि ते रस्ता ओलांडून चहाला गेले. त्यांना कुठं लिहू?”

“त्यांना नाही लिहायचं.”

“म्हणजे गाडीसकट तीन मोटारी, आणि एकटे असले की शून्य?”

मी हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. पुढच्या फेरीत पाहिलं तर तिनं तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं रकाने पाडले होते: बाई, पुरुष, लहान मूल, म्हातारं माणूस, सामान घेतलेलं माणूस. पुढच्या बाजूची मोजणी चुकत नव्हती, म्हणून मी अडवलं नाही. उलट ज्या पोराच्या वाट्याला कमी रहदारीची बाजू होती, त्यालाही तेच करायला सांगितलं.

साडेबाराला शाळा सुटली. या बाजूच्या फुटपाथची रुंदी कागदावर 2.5 मीटर आहे. मी टेप लावला. झाडाचा पार, वीजमंडळाची डीपी, स्टेशनरीच्या दुकानाच्या पायऱ्या आणि फ्लेक्सचा बांबू सोडून मोकळी जागा राहिली 90 सेंटिमीटर, आणि तीसुद्धा दोन स्कूटर लावलेल्या नव्हत्या तेवढ्यापुरती. पोरं सरळ रस्त्यावर उतरली. एका आईनं एक दप्तर पाठीला, एक पोटाला लावलं होतं, धाकट्याचं मनगट धरलं होतं आणि थोरल्याला डोळ्यांनी धरलं होतं. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पलीकडे बरोबर रेलिंगपाशी जाऊन संपत होते, म्हणून ओलांडून झाल्यावर सगळ्यांना रेलिंगच्या कडेकडेनं, रस्त्यावरूनच, पंधरा-वीस पावलं जावं लागत होतं. पट्टे एका खात्यानं मारले असतील, रेलिंग दुसऱ्यानं लावलं असेल. दोघांचीही बिलं निघाली असणार.

दुपारी एक आजोबा आले. पांढरा लेंगा, कापडी पिशवी, हातात काठी.

“काय हो, कसली मोजणी?”

“वाहनांची, आजोबा. रस्ता रुंद करायचाय.”

“परत?”

मी गप्प.

“मला धरलंत का मोजणीत?”

“तुम्ही चालत आलात ना, आजोबा.”

“मग काय, घरी जाऊन स्कूटर घेऊन येऊ?”

एवढं बोलून ते सिग्नलकडे निघाले. मी घड्याळ लावलं. रस्ता 18 मीटरचा. चालण्याचा वेग आमच्याकडे सहसा सेकंदाला 1.2 मीटर धरतात, म्हणजे 15 सेकंद, आणि हिरवा माणूस तिथं बरोबर 15 सेकंदच दिसायचा. गणित चोख. आजोबांना 24 लागले. पंधराव्या सेकंदाला ते दुभाजकाच्या जरा पुढं होते. समोरची पहिली ओळ थांबलीही असती, पण मागून हॉर्न सुरू झाले आणि एका रिक्षानं त्यांच्या काठीसमोरून नाक काढलं. एक पोलीस हवालदार मध्ये आला म्हणून निभावलं. हवालदार चौकात रोज नसतो.

आता प्रस्तावातल्या गोलाईचं पाहा. कोपरा काटकोनाजवळचा असला की वळताना ब्रेक मारावाच लागतो. गोलाई वाढवली की गाडी वेग न उतरवता वळते, आणि वर ओलांडायचं अंतरही वाढतं, कारण फुटपाथची कड मागं सरकते. त्यात फ्री लेफ्ट म्हणजे डावीकडे वळणाऱ्याला लाल दिवाच नाही. आजोबांचे 24 सेकंद सहज 30 झाले असते, आणि त्यातले काही सेकंद न थांबणाऱ्या रहदारीत. नकाशावर मात्र ती गोलाई फार देखणी दिसते, हे मान्य.

रात्री तक्ते जुळवले. मोटारींतली माणसं, ड्रायव्हरसकट, एका बाजूला आणि पायी जाणारे दुसऱ्या बाजूला असं मांडलं, तर पायी जाणारे दुपटीहून जास्त. बसमधले लोक अंदाजानं धरले तर मोटारी आणखीच मागं पडत होत्या. मी हे एका पानावर वेगळं काढलं आणि अहवालाला जोडलं. केंद्राचं 2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला महत्त्व द्या असंच सांगतं, पुण्यानं पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र धोरण 2016 मध्ये केलं, त्यामुळे कागदोपत्री मी काही वावगं करत नव्हतो.

बैठकीतले इंजिनिअर साहेब भले गृहस्थ. त्यांनी पान नीट वाचलं. “आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही,” ते म्हणाले, “पण हा बसवू कुठं? व्ही बाय सी काढायचाय, त्यात पीसीयू लागतात.” व्ही बाय सी म्हणजे रस्त्यावरची रहदारी भागिले रस्त्याची क्षमता. तो भागाकार एकच्या जवळ गेला की रस्ता कमी पडतोय असा निष्कर्ष निघतो, आणि रुंदीकरण आपोआप येतं. सूत्रात माणूसच नाही, तर उत्तरात कुठून येणार? माझं पान परिशिष्टात गेलं. परिशिष्ट कोण उघडतं, ते या धंद्यातल्यांना माहीत आहे.

चर्चा फिरली ती भलत्याच मुद्द्यावर. मी नुसतं विचारलं की 2.5 मधून एक मीटर कापला तर उरतो दीड, आणि इंडियन रोड्स काँग्रेसचाच 103 क्रमांकाचा कोड पादचाऱ्यांसाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी मागतो, त्याचं काय करायचं? दोन व्हीलचेअर शेजारून जाव्यात म्हणून ती रुंदी. टेबलावर शांतता. दीड मीटरच्या नकाशावर सही करायला कुणी तयार नव्हतं, कारण उद्या ऑडिटला तोंड द्यावं लागलं असतं. हजारो माणसांच्या पेन्सिलीच्या रेघांनी जे झालं नाही, ते 30 सेंटिमीटरनी झालं. मला याचा आनंद झाला आणि तितकाच रागही आला.

बैठकीनंतर चहा घेताना एक सहकारी म्हणाला, “आपल्याकडे चालणाऱ्यांचं कौतुक वर्षातून एकदाच.” तो 11 डिसेंबरबद्दल बोलत होता. 2021 पासून त्या तारखेला लक्ष्मी रस्त्याचा एक तुकडा दिवसभर गाड्यांना बंद ठेवून पादचारी दिन करतात. मी गेलो आहे. पोरं रस्त्याच्या मधोमध बसून चित्रं काढतात, साडी खरेदीला आलेल्या बायका मागं वळून न बघता चालतात, आणि दुकानंही काही ओस पडलेली नसतात. मला तो दिवस आवडतो. पण विद्यापीठ चौकातून गेलो की मन लगेच जमिनीवर येतं. तिथला उड्डाणपूल 2020 मध्ये लॉकडाऊनच्या काळात पाडला, तो दुमजली पूल बांधण्यासाठी: वर मेट्रो, खाली मोटारी. सोल शहरानं 2003 मध्ये चोंगेचोनवरचा उन्नत महामार्ग पाडायला घेतला आणि 2005 पर्यंत त्याखाली बुजवलेला ओढा उघडा केला, आज लोक त्याच्या काठानं चालतात. पाडायचं धैर्य आपल्याकडेही आहे म्हणायचं, पुढचा बेत तेवढा वेगळा. मेट्रो हवीच, तिच्याशी माझं भांडण नाही. पण स्टेशनातून उतरलेला माणूस शेवटी फुटपाथवरच येणार ना?

आमच्या चौकाचं पुढं असं झालं. शाळेकडचा फुटपाथ वाचला. समोरचा तीन मीटरचा होता, त्यातला एक मीटर गेला आणि त्या जागेत आता दुचाकी लागतात, म्हणजे रहदारीलाही त्याचा उपयोग नाही. कोपऱ्यांची गोलाई नेमस्त झाली, फ्री लेफ्ट मात्र राहिला. रेलिंग झेब्रासमोर कापलं. हिरवा माणूस 15 वरून 20 सेकंदांवर गेला. डीपी जिथं होती तिथंच आहे, ती हलवायला दुसऱ्या खात्याचा अर्ज लागतो.

ती मुलगी पुढच्याही मोजणीला आली. या वेळी तक्त्यावर पादचाऱ्यांचा छापील रकाना होता, तो मी ऑफिसात भांडून घातला. तिनं बघून मान हलवली आणि विचारलं, “यात काठीवाले वेगळे नाहीत?” नाहीत. त्याच महिन्यात आलेल्या नव्या निविदेत एक अट होती: वाहनमोजणी मूळ दरात, पादचारीमोजणी हवी असल्यास वेगळा दर. आम्ही दोन्ही भरले. मान्य झाला तो पहिला.