सुतळी, टेप आणि पऱ्हाट्या

सकाळीच गिझरच्या गरम पाण्याच्या पाइपचा जोड टपकायला लागला. बाबा ओसरीतूनच म्हणाले, "सुतळी गुंडाय अन् सफेदा लाव." लोखंडी पाइपच्या आट्यांवर त्यांनी जन्मभर तेच केलं. पुतण्यानं तोवर मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिलेले. "काका, टेफ्लॉन टेप!" मी टेप गुंडाळला. अर्ध्या तासात पुन्हा टपटप.

शेवटी तालुक्याहून प्लंबर आला. पाइप बोटानं दाबून म्हणे, "भाऊ, हा साधा पीव्हीसी हाय. ६० अंशाच्या वर मऊ पडते. गरम पाण्याले सीपीव्हीसी लागते, ९० पर्यंत टिकते." घर बांधताना मिस्त्रीनं सगळीकडे एकच पाइप फिरवला होता, अन् मी मान डोलावली होती! गिझर उघडला तर कॉइल दिसेचना, नुसता पांढरा थर. बोअरचं जड पाणी. "वर्षातून एकदा खरवडून घेत जा," म्हणे. हे आम्हाला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं, व्हिडिओवाल्यांनीही नाही.

आई तिकडे परसात तांब्याच्या बंबात कपाशीच्या पऱ्हाट्या सारत बसलेली. आंघोळी तिच्याच पाण्यानं झाल्या. बंबाची तोटीही गळते म्हणा, पण तिच्याखाली कायमचं पातेलं ठेवलेलं असते.