मास्तर, तुमच्याकडे मोटार आहे का?

आमच्या सोलापुरात अनोळखी माणसालाही ‘मालक’ म्हणून हाक मारण्याची पद्धत आहे. रिक्षावाला प्रवाशाला मालक म्हणतो, प्रवासी रिक्षावाल्याला मालक म्हणतो आणि दोघांपैकी कोणाच्याही मालकीचे फारसे काही नसले तरी व्यवहार गोडीत पार पडतो. पाण्याचा विषय निघाला की मात्र हे संबोधन दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच गळून पडते. ते माझ्याही तोंडून गळून पडले होते, म्हणून दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःची हकिगत सांगतो.

मी हद्दवाढ भागात राहतो. 1992 साली आजूबाजूची गावे शहरात आली तेव्हापासून आमच्याकडे हा शब्द पत्त्यासारखा वापरला जातो आणि त्यात तक्रारीचा सूर आपोआप मिसळलेला असतो. उजनी धरणाचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक अंतर वाहिनीतून कापून शहरात येते, टाक्यांत चढते आणि मग चावीवाला ज्या क्रमाने चाव्या फिरवील त्या क्रमाने गल्ल्यांत उतरते. चार-पाच दिवसांनी एकदा येणारे हे पाणी कोणाकडे तासभर राहते, तर कोणाच्या नळातून फक्त हवेचा फुसफुसाट ऐकू येतो. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात याच कारणासाठी आम्ही मंदिराच्या सभामंडपात बैठक बोलावली आणि पाणीपुरवठ्याचे काम पाहणारे एक तरुण कनिष्ठ अभियंता विनंतीवरून आले.

बत्तीस वर्षे वर्गात शिकवल्यामुळे माझा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो आणि त्या दिवशी मी तो पूर्ण लावला. ‘तुमच्या घरी रोज पाणी येते की नाही, ते आधी सांगा,’ असे म्हणून मी सुरुवात केली आणि टाळ्या पडल्या, तसा मी त्यांच्या शिक्षणावर, पगारावर आणि शेवटी पालकांनी केलेल्या संस्कारांवर घसरलो. त्यांनी वीस मिनिटे ऐकून घेतले, ‘मी वर कळवतो’ एवढे म्हटले आणि मोटारसायकलला किक मारून ते निघून गेले. लोकांनी माझे हात हातात घेऊन अभिनंदन केले. रात्री जेवताना मी दोन घास जास्त खाल्ले, हेही कबूल करायला हवे.

दुसऱ्या दिवशी रीतसर अर्ज लिहायला बसलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की लिहिण्यासारखे माझ्याजवळ काहीच नाही. पाणी कोणत्या गल्लीत किती वाजता आले, किती मिनिटे टिकले, कोणत्या घरापासून दाब कमी झाला, यातले एकही उत्तर आदल्या संध्याकाळच्या गदारोळातून बाहेर आले नव्हते, कारण ते प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. ‘मी वर कळवतो’ हे सरकारी माणसाचे सर्वांत सुरक्षित वाक्य आहे आणि ते उच्चारायची सोय आम्हीच त्याला करून दिली होती. ज्याला शिव्या मिळतात त्याला उत्तर द्यावे लागत नाही, ही साधी गोष्ट मला निवृत्तीनंतर समजली.

दीड महिन्याने पुन्हा बैठक झाली. ते अभियंता पुन्हा आले, याचे श्रेय त्यांच्या स्वभावाला द्यायला हवे. या वेळी आम्ही चौघांनी आधीच ठरवले होते की ज्याने त्याने फक्त आपली गल्ली, दिवस, वेळ आणि पाणी टिकल्याची मिनिटे सांगायची, एक जण बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही आणि कोणाच्या घरादाराचा उल्लेख करायचा नाही. पहिली दहा मिनिटे ती शिस्त अवघडल्यासारखी वाटली. मग शेवटच्या गल्लीतल्या, विड्या वळून घर चालवणाऱ्या एक वयस्क अक्का उठल्या आणि तेलुगूत बोलू लागल्या. यंत्रमागावर काम करणारा त्यांचा नातू प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होता. त्यांच्याकडे पाणी येते तेव्हा घागर भरायला अर्धा तास लागतो, वरच्या गल्लीत मात्र त्याच वेळी गच्चीवरच्या टाक्या भरून वाहत असतात, असे त्यांनी शांतपणे मांडले. नंतर माझ्याकडे वळून नातवाच्या मदतीशिवाय, मराठीत विचारले, ‘मास्तर, तुमच्याकडं मोटार आहे का ओ?’

माझ्याकडे मोटार होती, अर्ध्या अश्वशक्तीची आणि थेट नळाच्या जोडणीला लावलेली. अशी मोटार लावणे नियमात बसत नाही, हे मला ठाऊक होते आणि ती लावल्याशिवाय आमच्याकडेही पाणी वर चढत नाही, हे समर्थनही तयार होते. तो प्रश्न आरोपाच्या सुरात आला असता तर मी ते समर्थन नक्कीच फेकले असते, पण त्या ज्या आवाजात बोलल्या त्या आवाजाला खोटे उत्तर देणे मला जमले नाही. मी ‘आहे’ म्हटले. पुढच्या पाच मिनिटांत आणखी नऊ हात वर झाले. पहिल्या बैठकीत आम्ही सगळे मिळून एका परक्या माणसावर तुटून पडलो होतो, म्हणून आपल्याच गल्लीतला अन्याय झाकला गेला होता. त्या दिवशीच्या टाळ्यांत मोटारवाल्यांच्या टाळ्या सर्वांत मोठ्या होत्या, असे आता वाटते. अभियंत्यांनी मग वाहिनीचा उतार, दाब आणि शेवटच्या टोकाचे गणित कागदावर आकृती काढून समजावले, तेव्हा ते चांगले शिकवतात हे मला, एका शिक्षकाला, मान्य करावे लागले.

हाच अनुभव मोठ्या सभागृहालाही लागू पडतो. महापालिकेची महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा व्हावी अशी कायद्याची अपेक्षा आहे आणि तिथे झालेले प्रश्नोत्तर इतिवृत्तात नोंदले जाते, म्हणजे पुढे न्यायालयात, लेखापरीक्षणात किंवा माहिती अधिकाराच्या अर्जात ते कामी येते. ‘गोंधळात विषय मंजूर’ हा मथळा मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहराच्या वाचकाला पाठ आहे. अशा गोंधळात घोषणा देणाऱ्याला छायाचित्र मिळते, ज्याला विषय मंजूर करून हवा असतो त्याला विषय मिळतो आणि प्रश्न मात्र नोंदवहीत कुठेच सापडत नाही. आमच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षे प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात भांडायलाही जागा नव्हती. महापालिकेची इंद्रभुवन ही वास्तू तिथेच उभी होती, निर्णयही होत होते, पण अमुक रस्ता आधी का आणि तमुक नंतर का, असे चारचौघांसमोर विचारणारे कोणी नव्हते.

ग्रामसभेत याहून चमत्कारिक गोष्ट घडते. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल ती धरली जाते, पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे ज्या गावात सभा म्हणजे हमखास हमरीतुमरी असे समीकरण बसते, तिथे शहाणी माणसे घरी थांबतात, सभा तहकूब होते आणि पुढच्या सभेत मूठभर लोक कायदेशीररीत्या सगळ्या गावाचा निर्णय घेतात. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे ती उगाच नाही.

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो मला खरा वाटतो. ‘नीट बोला’ ही सूचना नेहमी तहानलेल्यालाच दिली जाते. चार दिवस घागर रिकामी ठेवून बसलेल्या बाईने मृदू बोलावे आणि तिच्या अर्जाला महिनोन्महिने उत्तर न देणाऱ्याचे मौन मात्र सभ्य समजावे, हा न्याय नव्हे. सभ्यतेची पहिली जबाबदारी ज्याच्या हातात चावी आहे त्याची असते. पाणी किती वाजता सोडणार हे आधी सांगणे, सोडता येत नसेल तर कारण कळवणे, अर्जाची पोच देणे आणि समोरच्याला समजेल त्या भाषेत बोलणे, हे त्या सभ्यतेचे रोजचे रूप आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी एकाच बोळात ऐकू येणाऱ्या शहरात तर शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. पूनम गेटसमोरचे धरणे किंवा भर उन्हातला मोर्चा यांना मी असभ्य मानत नाही. ज्या शहराने मे 1930 मध्ये मार्शल लॉ सोसला आणि ज्याचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकृष्ण सारडा 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात एकत्र फासावर गेले, त्या शहराला निषेध करू नका असे कोण सांगणार? घोषणा दिल्यावर मागणीचा कागद पुढे करता येतो आणि समोरच्याचे उत्तर ऐकून घेता येते. समोरच्याचा आईबाप काढल्यावर यांतले काहीच उरत नाही.

आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धेश्वरांच्या म्हणजेच सिद्धरामांच्या, चरित्रात याच स्वरूपाचा एक प्रसंग आहे. बाराव्या शतकात सिद्धराम सोन्नलिगेत, म्हणजे आजच्या सोलापुरात, तळे खोदवत असताना शरण संत अल्लमप्रभू तिथे आले आणि ‘तो ओड्डांचा, म्हणजे माती-दगड खोदणाऱ्यांचा, सिद्धराम कुठे आहे?’ असे त्यांनी मुद्दाम हिणवून विचारले, अशी कथा सांगतात. तळ्यावरची माणसे चिडून दगड मारू लागली, सिद्धरामही संतापून धावून आले आणि मग त्याच जागी दोघांत जे बोलणे झाले त्याने सिद्धराम अल्लमप्रभूंबरोबर कल्याणच्या, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या बसवकल्याणच्या, अनुभवमंटपाकडे निघाले. जिथे निरनिराळ्या जातींचे आणि व्यवसायांचे स्त्रीपुरुष एकत्र बसून चर्चा करीत, तोच हा मंटप. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वजांमागून चालताना मला हा प्रसंग हल्ली आठवतो. अपमानाचे शब्द पहिले होते आणि दगडही पडले होते, तरी बोलणे तिथे थांबले नाही.

आमच्या मंदिराच्या खांबाला आता एक वही दोरीने बांधलेली आहे आणि प्रत्येक गल्लीतले कोणीतरी तीत पाण्याची वेळ लिहिते. मराठी, तेलुगू आणि एका गल्लीची नोंद उर्दूत असते. आकडे मात्र सगळ्यांना वाचता येतात. त्या नोंदींची प्रत जोडून दिलेल्या अर्जानंतर चावीचा क्रम बदलून शेवटच्या गल्लीला आधी पाणी मिळू लागले. पाण्याच्या दिवसांतले अंतर काही कमी झाले नाही, त्यासाठी वेगळ्या पातळीवर झगडावे लागणार आहे. दहा मोटारींपैकी सहा काढल्या गेल्या. माझी मोटार माळ्यावर आहे, विकलेली मात्र नाही आणि हे अक्कांना माहीत आहे. पाण्याच्या दिवशी त्या विड्यांची टोपली घेऊन कारखान्याकडे जाताना फाटकापाशी क्षणभर थांबतात, माझ्या नळाच्या जोडणीकडे एकदा बघतात आणि मग विचारतात, ‘आलं का ओ पाणी, मास्तर?’