पुणे ते गणपतीपुळे: स्वमग्न मुलासोबतच्या प्रवासात थांबे कसे ठरवतो (माझा अनुभव)

आमचा मुलगा ९ वर्षांचा आहे, स्वमग्न (ऑटिझम) आहे, मोजकेच शब्द बोलतो. मोठे आवाज त्याला सोसत नाहीत आणि पाणी दिसलं की तो तिकडे धावतो. सातारा, उंब्रज, पाटण, कोयनानगर, चिपळूण, निवळी फाटा असा ३०० किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता त्याला घेऊन जाताना थांबे कसे निवडते, ते सविस्तर लिहिते.

प्रत्येक थांब्यात त्याच्यासाठी दोन बदल असतात: गाडीतून उतरणं आणि परत गाडीत बसणं. दुसरा जास्त अवघड. म्हणून ‘दर तासाला पाय मोकळे करा’ हा सल्ला आमच्या कामाचा नाही. दीड-दोन तासांनी एक थांबा, त्यातले बहुतेक फक्त शूचे, १० मिनिटांचे, आणि मोठा एकच, पाऊण तासाचा. आम्ही पहाटे साडेपाचला निघतो. सुट्टीच्या दिवशी साडेआठनंतर महामार्गावरची हॉटेलं भरतात. तोवर आमचा नाश्ता झालेला असतो.

जागा निवडताना चव, देखावा, प्रसिद्धी सगळं मागे ठेवते. आधी संडास बघते. त्याला कमोडच लागतो. त्यातून मी एकटी सोबत असेन, तर एवढ्या मोठ्या मुलाला बायकांच्या बाजूला नेलं की लोक बघतात आणि पुरुषांच्या बाजूला त्याला एकट्याला सोडता येत नाही. म्हणून स्वतंत्र दाराची एक खोली हवी, म्हणजे बहुधा दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह. पाटी असते, पण दाराला कुलूप असतं, नाहीतर आत झाडू, बादल्या, खुर्च्या रचलेल्या असतात. याचा मला मनापासून राग येतो. आता मी आदल्या दिवशी फोन करून तीनच गोष्टी विचारते: कमोड आहे का, चावी कोणाकडे असते, आणि सकाळी आठला तो माणूस आलेला असतो का. ‘सगळी सोय आहे मॅडम’ एवढंच उत्तर आलं तर ती जागा यादीतून काढते. ‘पोरगा चालतोय की धडधाकट, मग चावी कशाला?’ असंही ऐकावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, फोटो मोबाईलमध्ये वरच ठेवते, तो दाखवला की वाद लांबत नाही. बहुतेक पेट्रोल पंपांवर स्वच्छतागृह असतं, आणि शांत पंप मला नावाजलेल्या मिसळीच्या ठिकाणापेक्षा कितीतरी बरा वाटतो.

हात सुकवायचं यंत्र ही दुसरी अडचण. हात जवळ गेला की ते आपोआप गर्जतं, आणि एकदा ते ऐकलं की मूल पुढच्या प्रत्येक संडासात शिरायला नकार देतं. मोबाईलच्या नकाशात हॉटेलाच्या पानावर लोकांनी टाकलेले अलीकडचे फोटो चाळले की भिंतीवर यंत्र आहे की कागदी रुमालाचा डबा, ते बऱ्याचदा कळतं. आपोआप पाणी सोडणाऱ्या कमोडच्या सेन्सरवर मी चिकटपट्टीचा तुकडा लावते आणि निघताना काढते. कानावरचे हेडफोन उतरण्याआधीच घालायचे, आवाज सुरू झाल्यावर नाही. कात्रजच्या बोगद्याआधीही तसंच.

तिसरी गोष्ट हद्द. उपग्रहाच्या चित्रात पार्किंग आणि रस्ता यांच्यामध्ये भिंत किंवा कुंपण आहे का, मागे विहीर, शेततळं, कालवा आहे का, ते बघून घेते. कराडचा प्रीतिसंगम याच कारणाने आमच्या यादीत नाही. बाग सुंदर आहे, पण कृष्णा आणि कोयना दोन्ही समोर, आणि घाटाच्या पायऱ्या थेट पाण्यात. पाण्याकडे ओढ असलेल्या मुलाला तिथे मोकळं सोडताच येत नाही, आणि हात घट्ट धरून बसायचं तर मग थांबायचं कशाला?

मोठा थांबा आम्ही कोयनानगरच्या नेहरू उद्यानात घेतो. आत गाड्या नाहीत, चालायला भरपूर जागा आहे, धरण दिसतं पण लांबून. उघडायची वेळ आदल्या दिवशी विचारून घेते. याच जागेचं आणखी एक कारण म्हणजे पुढचा कुंभार्ली घाट. आमच्या मुलाला ‘मळमळतंय’ असं सांगता येत नाही. तो अचानक गप्प होतो, जांभया देतो, सारखी लाळ गिळतो, मग रंग उतरतो. जांभयांवरच ओळखावं लागतं. त्यामुळे खाणं उंब्रजच्या आसपास उरकायचं, कोयनानगरला फक्त चालणं आणि घोटभर पाणी, आणि घाट उतरल्यावर पोफळीच्या बाजूला ५ मिनिटं गाडी उभी करायची. पोट भरून लगेच घाटात शिरलं की उलटी ठरलेली. उलटीची गोळी मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं, बरीच मुलं आधीच काही औषधं घेत असतात, आणि दोन्ही मिळून सुस्ती वाढू शकते. डॉक्टरांना आधी विचारा. रोजची औषधं डिकीत ठेवू नका, तिथे तापतात. चिठ्ठीसकट मधल्या सीटवर ठेवा.

खाणं घरचंच: दहीभात, पोळीचा रोल, नेहमीच्याच पाकिटातली बिस्किटं. वेष्टण बदललं तरी तो खात नाही, म्हणून वाटेत विकत घेण्याच्या भरवशावर राहत नाही. हॉटेलात बसायचंच झालं, तर एक जण आधी आत जाऊन ऑर्डर देतो. टेबल कोपऱ्यातलं, त्याची पाठ भिंतीकडे, स्वयंपाकघरापासून लांब. फोडणीचा वास आणि स्टीलच्या ताटांचा खणखणाट दोन्ही एकाच दारातून येतात.

उतरण्याचा क्रम आम्ही मोडत नाही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक कायम. गाडी डावीकडे लावायची, एका मोठ्या माणसाने आधी उतरून त्याच्या दाराशी उभं राहायचं, मगच दार उघडायचं. सकाळी निघताना त्या दिवसाच्या कपड्यांत त्याचा फोटो काढून ठेवते आणि टी-शर्टच्या आतल्या बाजूला आमचा फोन नंबर लिहिते. तो दिसेनासा झाला तर आधी जवळचं पाणी गाठायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ हा तातडीच्या मदतीचा नंबर लावायचा, हे आम्हा दोघांना पाठ आहे.

परत गाडीत बसवण्यासाठी चित्रांची पट्टी वापरते. प्रत्येक थांब्याचा फोटो, आणि दर दोन फोटोंच्या मध्ये आमच्या गाडीचा फोटो, सगळे वेल्क्रोने लावलेले. थांबा संपला की तो स्वतः त्या थांब्याचा फोटो पट्टीवरून सोडवून पाकिटात टाकतो. निघण्याआधी ५ मिनिटांचं वाळूचं घड्याळ समोर ठेवायचं. शेवटचा खाऊ थांब्यावर देत नाही, तो सीटवर बसून पट्टा लागल्यावरच. पट्टीत एक प्रश्नचिन्हाचं कार्डही असतं, म्हणजे ‘ठरल्यापेक्षा वेगळं काहीतरी’. पंक्चर झालं, किंवा चिपळूणच्या पुढे रस्त्याच्या कामामुळे गाडी वळवली, तर ते कार्ड मध्ये लावते. घरी दोन-तीन आठवडे छोट्या फेऱ्यांत या कार्डाची सवय करून घ्या, नाहीतर आयत्या वेळी त्याचा अर्थच लागत नाही.

परतीची यादी वेगळी करावी लागते. महामार्ग दुभाजकाचा आहे, जाताना डाव्या हाताला असलेलं हॉटेल येताना पलीकडे जातं. मूल मात्र तीच इमारत ओळखतं आणि तिथेच थांबायचा हट्ट धरतं. उंब्रज ते पुणे या टप्प्यासाठी येतानाच्या बाजूचा पंप आणि हॉटेल आधीच फोन करून ठरवून ठेवते, त्यांचे फोटो पट्टीवर लावते, आणि गणपतीपुळ्याहून निघायच्या आदल्या रात्री ती नवी पट्टी त्याच्या हातात देते.