निसर्ग वादळातली बदकं: श्रीवर्धनच्या परसातली नोंदवही

२ जून २०२०. सात खाकी कॅम्पबेल जातीची बदकं, सहा माद्या नि एक नर. दुपारपासून रिमझिम, त्यामुळे स्वारी खुशीत. चोची चिखलात खुपसून गोगलगायींचा शोध चालू. खुराड्याच्या पत्र्यावर चार चिरे ठेवले, मग वाटलं, पत्रा उडाला तर चिऱ्यांसकट उडेल. उद्या सगळ्यांना न्हाणीत हलवायचं.

३ जून. पहाटे चार अंडी. नऊनंतर वारा चढला तशी ओरड बंद. पावसात कधी आडोसा न शोधणारी ही बदकं वाऱ्याला मात्र वचकतात. न्हाणीत कोंडताना मोजली तर सहाच. सातवी, पिंगटी, सापडेना. साडेबारानंतर बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किलोमीटर, एकेक पोफळ मधोमध मोडत होती. पाचला बाहेर पडलो तर बाई गडग्याच्या पोटाशी चिकटलेल्या. वाऱ्याकडे तोंड, मान खांद्यांत, पोट जमिनीला. असं बसलं की पिसं उलटी फुलत नाहीत. पाठीवर हात फिरवला, वरून चिंब, पण आतली लव कोरडी!

४ जून. खरी फजिती आज. रोजच्या वाटेवर पोफळ आडवी. रांग आली, पुढच्या मादीनं मान तिरकी करून एका डोळ्यानं ओंडका न्याहाळला नि अख्खी पलटण माघारी. कणीचं आमिष दाखवलं, तरी नाही. वादळापेक्षा हा ओंडका त्यांना भयंकर वाटला. शेवटी करवत घेतली.

वीज नाही, त्यामुळे रात्री मिट्ट काळोख. झावळी सळसळली तरी सगळी एकमेकांवर आदळतात. कंदील बारीक करून उंचावर टांगला, तेव्हा निवळली.

७ जून. चौथ्यापासून एकही अंडं नाही. दोघींची पिसं गळतायत. भिजलेला कोंडा जिवावर येऊनही फेकला. बुरशीच्या विषाला बदकं कोंबड्यांपेक्षा फार नाजूक असतात, तिथे काटकसर नको.

२४ जून. पहिलं अंडं! कवच पातळ, पण अंडं. खुराडं नव्यानं शाकारलंय, खाली कोरडं तूस घातलंय, पण त्यात कोणी बसेल तर शपथ. सकाळी न्हाणीच्या दाराशी तिघी रांगेत, नि आमची अंघोळ नऊनंतर.